निबंध व प्रबंध

निबंध व प्रबंध : एका विषयावर सुसंगत विचार मांडणाऱ्या गद्यलेखनाचे दोन प्रकार. निबंधात लेखक एखाद्या विषयाकडे स्वतः कसे पाहतो, हे मर्यादित विस्तारात मांडतो. प्रबंधात तो आरंभीच निश्चित केलेल्या एका प्रश्नाचे उत्तर पुराव्यांच्या आधारे देतो आणि ते पुरावे दुसऱ्या अभ्यासकास पुन्हा तपासता येतील, अशी व्यवस्थाही करतो. प्रबंध म्हणजे लांबलेला निबंध, असा समज विद्यार्थ्यांत व कित्येकदा अध्यापकांतही रूढ आहे. तो बरोबर नाही. तीनशे पृष्ठांचा मजकूर निबंधच राहू शकतो आणि गणितासारख्या विषयातील उत्तम प्रबंध तीसचाळीस पृष्ठांत संपू शकतो. भेद आहे तो विधानाच्या आधाराचा. निबंधातील विधानामागे लेखकाचे मन, वाचन व अनुभव उभे असतात आणि वाचक त्याच्यावर विश्वास ठेवून पुढे जातो. प्रबंधात वाचकाने असा विश्वास ठेवावा, अशी अपेक्षा नसते. किंबहुना त्याने तो ठेवू नये, अशीच अपेक्षा असते.

शब्दांचा इतिहास : दोन्ही शब्द ‘बन्ध्’ (बांधणे) या एकाच संस्कृत धातूपासून आलेले आहेत. त्यांच्या अर्थांची झालेली अदलाबदल मात्र लक्षणीय आहे. धर्मशास्त्रात ‘निबंध’ ही संज्ञा निरनिराळ्या स्मृती व पुराणे यांतील वचने विषयवार एकत्र बांधणाऱ्या संग्रहग्रंथास लावीत. देवगिरीच्या यादवांचा अधिकारी हेमाद्री याचा चतुर्वर्गचिंतामणि हा तेराव्या शतकातील ग्रंथ या वर्गातील होय. अशा ग्रंथात कर्त्याचे स्वतःचे शब्द थोडे आणि आधारवचने फार असत. म्हणजे आज ज्याला आपण प्रबंधाचे अंग मानतो, ते आधार देण्याचे काम जुना निबंध करीत होता. ‘प्रबंध’ या शब्दाने मात्र सलग, सुश्लिष्ट रचनेचा बोध होई. संगीतात तो एका निबद्ध गेय रचनेचे नाव होता आणि यादवांच्याच आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकरात त्याचे सविस्तर विवेचन आहे. गुजरातेतील जैन ग्रंथकार ऐतिहासिक व्यक्तींविषयीच्या कथांना प्रबंध म्हणत. मेरुतुंगाचा प्रबंधचिंतामणि हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शिक्षणाबरोबर आलेल्या नव्या लेखनप्रकारास मराठीत ‘निबंध’ हे नाव मिळाले आणि पुढे विद्यापीठीय पदव्यांसाठीच्या संशोधनपर ग्रंथास ‘प्रबंध’ म्हणण्याचा प्रघात पडला. ‘शोधनिबंध’ हा शब्द या दोहोंच्या सीमेवरचा आहे. नावात निबंध असला, तरी शिस्तीने तो प्रबंधाच्या कुळातला असून संशोधनपत्रिकेत मावेल एवढ्या आकाराचा असतो.

आधुनिक निबंधाचा जनक म्हणून फ्रेंच लेखक माँतेन याचे नाव घेतले जाते. त्याने आपल्या १५८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखसंग्रहास दिलेल्या नावाचा अर्थच ‘प्रयत्न’ असा आहे. मराठीत लोकहितवादींच्या शतपत्रांनी (१८४८–५०) या प्रकाराची वाट मोकळी केली आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या १८७४ मध्ये निघालेल्या निबंधमालेने त्यास प्रतिष्ठा दिली. मालेचे ८४ अंक निघाले. त्यांतील पुष्कळ मते आज कोणी स्वीकारणार नाही. तरीही ते निबंध वाचले जातात, कारण वाचकास तेथे केवळ मत भेटत नाही, मत बनविणारा माणूस भेटतो. टिळक व आगरकर यांच्या नियतकालिकांतील लेखनात निबंध हे वादाचे शस्त्र झाले आणि विसाव्या शतकात लघुनिबंध व ललित निबंध या रूपांनी तो आत्मपर झाला. प्रबंधाचे आजचे रूप मात्र मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील जर्मन विद्यापीठांत घडले. विद्यार्थ्याने ज्ञान केवळ मिळवू नये, तर त्यात स्वतः काही भर घालावी आणि ती भर जाणकारांपुढे सिद्ध करावी, ही कल्पना तेथून अमेरिकेत व नंतर इंग्लंडमध्ये गेली. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले, तेव्हा ते परीक्षा घेणारे विद्यापीठ होते. संशोधन हे विद्यापीठाचे काम आहे, ही जाणीव आपल्याकडे विसाव्या शतकातच रुजली.

एकाच लेखकाचे दोन लेखनप्रकार : हा भेद व्याख्येपेक्षा उदाहरणाने अधिक स्पष्ट होतो आणि त्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लेखनाइतके सोयीचे उदाहरण मराठी माणसाच्या माहितीत दुसरे नसेल. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात असताना त्यांनी ९ मे १९१६ रोजी मानवशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींची घडण, उगम व विकास यांवर एक लेख वाचला. तो पुढील वर्षी इंडियन अँटिक्वेरी या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लेख लहान आहे. जातीच्या प्रचलित व्याख्या तपासून जातीचे सार अंतर्विवाहात आहे, असा सिद्धांत त्यात मांडला आहे. विवाहाचे वर्तुळ बंद ठेवायचे, तर त्यातील स्त्रीपुरुषांची संख्या समतोल राहिली पाहिजे. जोडीदार मेल्यामुळे उरणारी स्त्री किंवा उरणारा पुरुष हा त्या समतोलास धोका ठरतो. आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या रूढी त्या धोक्यावरचे उपाय म्हणून उत्पन्न झाल्या, अशी त्याची मांडणी आहे. हा युक्तिवाद एकेका पायरीने पुढे जातो आणि वाचकाला बांधून ठेवतो. परंतु अमुक प्रांतात, अमुक शतकात, अमुक जातीत हे असे घडले, असा तपशील तेथे नाही. लेखाचा तो हेतूही नव्हता. तर्क व अंतर्दृष्टी यांच्या बळावर उभा असलेला हा उत्कृष्ट निबंध आहे.

त्याच विद्यापीठाच्या पीएच्.डी. पदवीशी निगडित असलेला त्यांचा ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरील ग्रंथ यासमोर ठेवून पाहावा. तो १९२५ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. त्याला अर्थशास्त्रज्ञ सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे. पदवी १९२७ मध्ये मिळाली. येथे विषयाच्या सीमा पहिल्यापासून आखलेल्या आहेत. प्रश्न एक : मध्यवर्ती सरकारच्या हाती एकवटलेली आर्थिक सत्ता प्रांतांकडे कशी, कोणत्या टप्प्यांनी व कोणत्या कारणांनी गेली? कालखंड ठरलेला : १८३३ पासून १९२१ च्या सुधारणांपर्यंत. प्रांतांना नेमून दिलेल्या रकमांची पद्धत १८७१-७२ पासून, नेमून दिलेल्या उत्पन्नबाबींची १८७७-७८ पासून व वाटून घेतलेल्या उत्पन्नाची १८८२-८३ पासून, असे टप्पे अंदाजपत्रकांतील आकडे व सरकारी ठराव यांवरून दाखविलेले आहेत. लेखकाची राजकीय मते तीव्र होती, हे सर्वज्ञात आहे. ग्रंथातही ती लपत नाहीत, परंतु आकड्यांची जागा ती घेत नाहीत. त्यांची मते अमान्य असणाऱ्या अभ्यासकासही ती कोष्टके वापरता येतात. लंडन विद्यापीठात डी.एस्सी.साठी सादर केलेल्या रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाच्या बाबतीत (१९२३) परीक्षकांनी फेरफार सुचविल्यामुळे तो त्यांना पुन्हा सादर करावा लागला होता. चर्चासत्रातील निबंधावर असा प्रसंग येत नाही. निबंध आवडतो किंवा आवडत नाही. तो परत पाठविला जात नाही.

येथे एक पोटगोष्ट नोंदविण्याजोगी आहे. १९१६ च्या त्या निबंधात ज्या चार अभ्यासकांच्या व्याख्या तपासल्या आहेत, त्यांपैकी एक श्रीधर व्यंकटेश केतकर हे होत. पुढे महाराष्ट्रीय ज्ञानकोश रचणाऱ्या केतकरांचा हिंदुस्थानातील जातिसंस्थेच्या इतिहासावरील ग्रंथ (१९०९) अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील त्यांच्या अभ्यासातून निर्माण झाला. जातिसंस्थेचा संपूर्ण इतिहास, असे त्याचे मुख्य नाव वाचून वाटते. उपशीर्षकाने मात्र तो इतिहास मनुस्मृतीच्या पुराव्यापुरता व केतकरांनी त्या ग्रंथास दिलेल्या इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापुरता आवरून घेतला आहे. प्रबंधाची वृत्ती या उपशीर्षकात दिसते. आंबेडकरांचा निबंध त्याच विषयाचा अनेक शतकांचा विस्तार एका झेपेत ओलांडतो. एकाने क्षेत्र लहान केले म्हणून त्याला खात्रीने बोलता आले. दुसऱ्याने खात्रीचा आग्रह सोडला म्हणून त्याला दूरचे दिसले. दोहोंपैकी एक श्रेष्ठ व दुसरा कनिष्ठ, असे ठरविण्यात अर्थ नाही.

इरावती कर्वे यांचेही उदाहरण असेच आहे. बर्लिन येथे त्यांनी मानवी कवटीच्या दोन बाजूंमधील विषमतेवर प्रबंध लिहिला. मोजमापे घेऊन त्यांनी काढलेला निष्कर्ष असा होता, की या विषमतेचा वंशाशी संबंध दिसत नाही. त्या काळच्या जर्मनीतील वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांना तो सोयीचा नव्हता. पुढे महाभारतातील व्यक्तींवर युगान्त (१९६७) हा निबंधसंग्रह त्यांनी लिहिला, तो भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची चिकित्सक आवृत्ती समोर ठेवून. संशोधनाचा आधार असूनही ते लेखन निबंधच राहते, कारण गांधारीच्या किंवा द्रौपदीच्या मनाविषयी तेथे जे सांगितले आहे ते लेखिकेचे आकलन आहे आणि ती ते तसेच म्हणून देते.

खानदेशातील संदर्भ : निबंध व प्रबंध यांची सरमिसळ झाल्याने काय बिघडते, हे विद्यापीठाच्या शहरापेक्षा तालुक्याच्या गावी अधिक जाणवते. शिंदखेडा हे धुळे जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण घेऊ. उत्तरेस तापी; मुडावद येथे तिला मिळणारी पांझरा; सुरत–भुसावळ लोहमार्ग; दोंडाईचे ही व्यापारपेठ; आणि घराघरांत बोलली जाणारी अहिराणी. अशा भागातील विद्यार्थी शाळेत दहा वर्षे निबंध लिहितो. ‘मी पाहिलेला दुष्काळ’, ‘नदीचे आत्मवृत्त’, ‘माझे गाव’ हे त्याचे विषय असतात आणि त्यांत कल्पना, भाषा व उपसंहार यांस गुण मिळतात. पदव्युत्तर वर्गात आल्यावर त्याला त्याच गावावर लघुप्रबंध लिहावयास सांगितले जाते. फरक काय, हे बहुधा कोणी सांगत नाही. परिणामी पहिले प्रकरण ‘जिल्ह्याची ओळख’ म्हणून गॅझेटिअरमधून उतरते, शेवटचे उपदेशाने भरते आणि मधल्या प्रकरणांत प्रश्नच सापडत नाही. यात नुकसान केवळ एका विद्यार्थ्याचे होत नाही. ज्या गावांविषयी छापील मजकूर मुळातच थोडा आहे, तेथे असा प्रबंध पुढच्या अभ्यासकाचा आधारग्रंथ होतो आणि न तपासलेले विधान दोनतीन उताऱ्यांनंतर इतिहास म्हणून वावरू लागते.

गॅझेटिअरचेच पाहावे. खानदेशचे गॅझेटिअर १८८० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात खानदेश हा एकच जिल्हा आहे. १९०६ मध्ये त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पुढे पश्चिम खानदेशास धुळे व पूर्व खानदेशास जळगाव हे नाव मिळाले. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. १८८० च्या तालुक्यांच्या यादीत शिंदखेडा हे नाव नाही. तेथे विरदेल आहे, आणि विरदेल हे आज शिंदखेडे तालुक्यातील एक गाव आहे. निबंधकाराने ‘खानदेश पूर्वीपासून कापसाचे आगर आहे’ असे लिहिले, तर त्यास कोणी अडविणार नाही. प्रबंधकाराने १८८० चा आकडा घेऊन त्याची तुलना आजच्या धुळे जिल्ह्याच्या आकड्याशी केली, तर तो तीन जिल्ह्यांची तुलना एका जिल्ह्याशी करीत असतो आणि त्याचा सारा निष्कर्ष कोसळतो. म्हणून प्रबंधात संज्ञांची व सीमांची निश्चिती हे पहिले काम असते. ते कंटाळवाणे आहे. त्यावाचून चालत मात्र नाही.

पांझरेच्या खोऱ्यातील फड पद्धतीचा विषय घेतला, तर भेद आणखी उघड होतो. नदीवर बंधारा घालून पाटाने पाणी आणावयाचे, भिजणाऱ्या क्षेत्राचे फड पाडावयाचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे आणि फडांत पिकांची पाळी फिरवावयाची, अशी ही शतकांची जुनी व्यवस्था आहे. पाटकरी, हवालदार, जागल्या असे तिचे सेवक असत. तिच्यावर चांगला निबंध सहज होतो : गावकऱ्यांनी सरकारावाचून चालविलेला सहकार, वाटून घेतलेले पाणी, वाटून घेतलेला दुष्काळ. हे खोटे नाही. पण प्रबंधाचा प्रश्न याच्या पुढे सुरू होतो. कोणत्या एका बंधाऱ्याखाली, कोणत्या वर्षांत पाळी मोडली? मोडली ती नदीचे पाणी आटल्याने, वर धरण झाल्याने, विहिरीवर पंप बसल्याने, की जमिनीचे तुकडे पडल्याने? पाटाच्या शेवटच्या टोकास पाणी पोचत होते काय? ज्यांची जमीन फडात नव्हती, त्यांचा या सहकारात वाटा कोणता? यांची उत्तरे पाटबंधारे खात्याच्या नोंदी, सातबारा उतारे, पीकपाहणी आणि वृद्ध पाटकऱ्यांच्या मुलाखती यांत शोधावी लागतात. उत्तर मनाजोगे येईलच, असे नाही. आपल्या आवडत्या कल्पनेविरुद्ध गेलेला पुरावा प्रबंधकारास टाळता येत नाही. त्याची नोंद करून त्याचा अर्थ लावावाच लागतो. जुने बंधारे पुन्हा उभारण्याचा विचार करणाऱ्यास या दुसऱ्या प्रकारच्या लेखनाची गरज असते, कारण पाणी कोणास मिळेल व कोणास मिळणार नाही हे त्यावरच ठरते.

अहिराणीच्या बाबतीत अडचण निराळी आहे. विद्यार्थी स्वतः ती बोलतो. ‘आहे’ ऐवजी ‘शे’, ‘मला’ ऐवजी ‘मले’, ‘घरात’ ऐवजी ‘घरमा’ ही रूपे त्याला शिकावी लागलेली नाहीत. ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणात (खंड ९, भाग ३, १९०७) खानदेशीचा विचार भिल्ल बोलींबरोबर केलेला आहे. पुढील अनेक अभ्यासकांनी तिला मराठीची बोली मानले. गुजरातीशी असलेले तिचे साम्य शेजारामुळे आले की मुळातले, हा वाद आहे. यावर निबंध लिहिताना ‘आम्ही असेच बोलतो’ हे वाक्य पुरेसे, किंबहुना प्रभावी ठरते. प्रबंधात त्याच वाक्यास किती व कोणत्या गावच्या, कोणत्या वयाच्या, कोणत्या जातीच्या, कितपत शिकलेल्या बोलणाऱ्यांकडून हे रूप ऐकले, केव्हा नोंदले आणि न आढळल्याचे प्रसंग किती, हा तपशील जोडावा लागतो. स्वतःची मातृबोली हा अभ्यासकाचा मोठा लाभ असतो, तोच त्याचा धोकाही असतो. कारण स्वतःच्या घरची बोली हीच सगळ्या तालुक्याची बोली, असे त्याला नकळत वाटते. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे काव्य अहिराणीत आहे, हे विधान कितीतरी निबंधांतून आढळते. त्यांची बोली जळगाव–असोदे परिसरातील लेवा समाजाची असून पश्चिमेकडील अहिराणीहून ती वेगळी आहे, हे रूपांची तुलना केली असता दिसून येते. ‘मले’, ‘तुले’ यांसारखी रूपे दोन्हींकडे आढळत असल्याने वरवर ऐकणाऱ्याचा घोटाळा होतो.

याच परिसराने या दोन वृत्तींचा एका व्यक्तीतील संगमही पाहिला आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे अखेरचे दिवस धुळ्यास गेले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच त्यांचा मृत्यू झाला आणि १९२७ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. राजवाड्यांनी पदवीसाठी प्रबंध लिहिला नाही. मराठ्यांच्या इतिहासाची साधने या नावाने १८९८ पासून त्यांनी प्रसिद्ध केलेल्या २२ खंडांत मूळ कागदपत्रे आहेत आणि काही खंडांस प्रदीर्घ प्रस्तावना आहेत. प्रस्तावनांचा आवेश निबंधकाराचा आहे : ठाम, वादप्रिय, कधी एका शब्दाच्या व्युत्पत्तीवरून समाजाचा इतिहास रचणारा. त्यांची कित्येक अनुमाने, विशेषतः व्युत्पत्ती, नंतरच्या संशोधकांनी सोडून दिली. परंतु ज्या पत्रांवर ती अनुमाने उभारली, ती त्यांनी जशीच्या तशी छापून ठेवल्यामुळे पुढच्यांना त्यांच्याशी वाद घालणे शक्य झाले. राजवाड्यांना खोडून काढणाऱ्याला बहुधा राजवाड्यांचीच साधने उघडावी लागतात. पुरावा व मत यांच्यामध्ये रेघ मारलेली असली, म्हणजे असे होते.

प्रबंधाची रचना : प्रबंधाचे प्रचलित भाग सर्वांच्या परिचयाचे आहेत : विषयाची मांडणी, पूर्वसंशोधनाचा आढावा, गृहीतक, अभ्यासपद्धती, साधनांचे विश्लेषण, निष्कर्ष, परिशिष्टे व संदर्भसूची. हा साचा पाळला की प्रबंध झाला, असे नव्हे. आढावा हा भाग सर्वांत अधिक गैरसमजाचा. आधीच्या वीस ग्रंथांचा सारांश म्हणजे आढावा नव्हे. आधीच्यांनी काय सिद्ध केले, कोठे परस्परांशी विरोध केला आणि कोणती जागा मोकळी ठेवली हे सांगून त्या मोकळ्या जागेत स्वतःचा प्रश्न बसविणे, हे त्याचे कार्य आहे. निबंधकारास याची गरज नसते. दुसऱ्या कोणी तेच म्हटले असले, तरी त्याचे म्हणणे त्याच्या भाषेमुळे नवे ठरू शकते. तळटीप हीदेखील शोभेची वस्तू नसून वाचकाच्या हाती दिलेला पत्ता आहे. ग्रंथ, आवृत्ती, पृष्ठ वा दप्तराचा क्रमांक नसेल, तर तो पत्ता निरुपयोगी होय. भाषेबाबत एवढेच म्हणता येईल, की निबंधात पुनरुक्ती टाळण्यासाठी एका वस्तूस चार नावे देणे हे लालित्य समजले जाते, तर प्रबंधात एक संज्ञा एकाच अर्थाने शेवटपर्यंत वापरावी लागते. शालेय निबंधात गुण मिळविणाऱ्या अलंकारांची सवय येथे अडथळा ठरते.

भारतात पीएच्.डी. प्रबंधाचे नियमन विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांनुसार होते. २०२२ च्या विनियमांप्रमाणे या अभ्यासाचा किमान कालावधी तीन वर्षांचा असून मार्गदर्शकाखेरीज निदान दोन बाह्य परीक्षकांकडून प्रबंध तपासला जातो व नंतर खुली तोंडी परीक्षा होते. याच विनियमांनी एम.फिल. ही पदवी बंद केली, त्यामुळे लघुप्रबंधातून मोठ्या प्रबंधाकडे जाण्याची एक मधली पायरी नाहीशी झाली. दुसऱ्या बाजूने राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अनुसार चार वर्षांच्या संशोधनासह पदवीत व पदव्युत्तर अभ्यासात संशोधनकार्याचा समावेश झाल्याने प्रबंधलेखनाचा प्रसंग पूर्वीपेक्षा लवकर येतो. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वी खानदेशातील विद्यार्थ्यास यासाठी पुणे विद्यापीठाकडे पाहावे लागे. २०१८ पासून या विद्यापीठास बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे.

वाङ्मयचौर्यासंबंधीच्या २०१८ च्या विनियमांत शब्दसाम्याच्या प्रमाणानुसार दंडाच्या पायऱ्या ठरविलेल्या आहेत. १० टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य. ६० टक्क्यांहून अधिक असल्यास नोंदणी रद्द. आधार देऊन घेतलेली अवतरणे यात धरली जात नाहीत. ही तपासणी उपयुक्त असली, तरी ती शब्द मोजते. दुसऱ्याचा विचार स्वतःच्या शब्दांत लिहून त्याचे नाव गाळणाऱ्यास ती पकडीलच, असे नाही. ते काम जाणत्या परीक्षकाचेच आहे. मंजूर झालेले प्रबंध गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राच्या शोधगंगा या संग्रहात ठेवले जातात, त्यामुळे पूर्वी विद्यापीठाच्या कपाटात पडून राहणारे हे ग्रंथ आता कोणासही वाचता येतात व पडताळता येतात.

प्रबंध पुस्तकरूपाने प्रसिद्ध करताना त्यात बरेच बदल करावे लागतात. परीक्षकास उद्देशून लिहिलेला आढावा आखडता घेतला जातो, कोष्टके परिशिष्टात जातात आणि वाचकास विषयात ओढणारे पहिले प्रकरण नव्याने लिहावे लागते. शं. गो. तुळपुळे यांचा यादवकालीन मराठी भाषा (१९४२) किंवा फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्यूल ब्लॉक यांचा मराठी भाषेच्या घडणीवरील ग्रंथ (१९२०, मराठी अनुवाद वा. गो. परांजपे, १९४१) यांसारखी पुस्तके विद्यापीठीय संशोधनातून निघून सर्वसामान्य अभ्यासकाच्या नित्य वापरात आली. उलट बाजूने, प्रबंधातील एखाद्या प्रकरणावरून वृत्तपत्रासाठी वा मासिकासाठी निबंध लिहिण्याची पद्धतही आहे. अशा वेळी तळटीपा गळतात व विधानांवरच्या मर्यादाही त्यांबरोबर गळतात. मूळ प्रबंधात ‘पाहणी केलेल्या गावांत’ असे असलेले विधान निबंधात ‘सबंध खानदेशात’ असे होते. आणि पुढचा अभ्यासक बहुधा निबंधच वाचतो.